खिळ्यांचा पट्टा कोणाच्या गळ्यात?

मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळे बाहेर काढलेला पट्टा बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. बिबट्या झडप घालतो ती मानेवर. मानेभोवती खिळे असले म्हणजे त्याला जबडा मिटता येत नाही आणि कुत्रा बहुधा वाचतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड गावची जी छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, त्यांत हा पट्टा कुत्र्यांच्या गळ्यात नव्हता. तो शेतात राबणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या गळ्यात होता. खुरपणीला वाकलेली बाई, आणि तिच्या मानेभोवती खिळे! स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी, साखरेच्या उत्पादनात देशात अग्रभागी असलेल्या राज्यात, श्रमणाऱ्या माणसाच्या संरक्षणाची व्यवस्था त्याची त्यानेच करावयाची आणि तीही कुत्र्याकडून उसनी घेऊन, हे चित्र ज्यांनी केवळ ‘नवलाची बातमी’ म्हणून छापले आणि वाचले त्यांच्या संवेदनेविषयी काय बोलावे!

या चित्रामागची हकीकत थोडक्यात अशी. ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढच्या अवघ्या तीन आठवड्यांत पिंपरखेड आणि शेजारच्या जांबुत गावांच्या शिवारात बिबट्याने तीन बळी घेतले. एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. गावकऱ्यांचा संताप अनावर झाला. वन खात्याची गाडी पेटली, पुणे–नाशिक महामार्ग कित्येक तास अडून राहिला, आणि मग शासनाला जाग आली. नेमबाज आले, एक बिबट्या ठार झाला, पिंजऱ्यांची संख्या वाढवण्याच्या घोषणा झाल्या. पुढे डिसेंबरात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनाच्या वेळी वनमंत्र्यांनी एक हिशेब मांडला. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर २०२३ पासून त्याच्या वारसांना पंचवीस लाख रुपये द्यावे लागतात. चार माणसे दगावली की एक कोटी होतात. त्यापेक्षा एक कोटी रुपयांच्या शेळ्याच जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा हिशेब हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण त्यातून राज्यकर्त्यांची दृष्टी जशीच्या तशी उघडी पडते. माणसाच्या मृत्यूची किंमत आधीच ठरलेली आहे. विचार करावयाचा तो एवढाच की, ती रक्कम कोणत्या स्वरूपात खर्च केली असता स्वस्त पडेल. शिवाय ज्या बिबट्यासाठी या शेळ्या जंगलात सोडावयाच्या, तो जंगलात राहतच नाही! तो उसात जन्मला, उसात वाढला, आणि त्याच्या चार पिढ्यांनी जंगल पाहिलेले नाही. हे वन खात्याच्या कोणत्याही वनरक्षकाला ठाऊक आहे. मंत्र्यांना ते कोणी सांगितले नाही, की सांगूनही त्यांना ते ऐकावयाचे नव्हते, हा प्रश्न अलाहिदा.

माझगावच्या कामगाराला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. त्याच्या वाटेत बिबट्या येतो तो राणीच्या बागेत, काचेपलीकडे, तिकीट काढल्यावर. परंतु भायखळ्याच्या भाजीबाजाराचे जुन्नर, ओतूर, नारायणगावशी नाते जुने आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांना आणि कचेऱ्यांतील नोकरदारांना डबे पोहोचवणारे हात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातूनच आले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कित्येकांचे म्हातारे आईबाप आजही त्याच शिवारात, उसाच्या कडेच्या एकाकी घरात राहतात. संध्याकाळचा फोन लागला नाही तर जीव इकडे टांगणीला लागतो. आणि दुसरे असे की, ज्या महानगरपालिकेच्या ‘ई’ विभागात माझगाव येते, त्याच महानगरपालिकेच्या हद्दीत बिबट्यांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या कडेला आरे वसाहतीतील आदिवासी पाडे आहेत. तेव्हा हा प्रश्न गावाकडचा नव्हे आणि रानाचाही नव्हे. तो श्रमजीवी माणसाच्या घराचा प्रश्न आहे.

घराचा प्रश्न म्हणजे काय, हे माझगावला निराळे शिकवावयाला नको. २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे बाबू गेनू मंडईलगतची महानगरपालिकेचीच इमारत कोसळली आणि एकसष्ट माणसे तिच्याखाली गेली. मृतांत बहुतेक महापालिकेच्या बाजार खात्याचे कर्मचारी आणि त्यांची बायकामुले होती. तेथे कोणताही हिंस्र प्राणी नव्हता. जीव घेणारे होते ते दुर्लक्ष, आणि दुर्लक्षाला पिंजऱ्यात पकडा अशी मागणी कोणी करीत नाही. बिबट्याच्या बाबतीत मात्र सगळे खापर फोडावयाला एक अंगावर ठिपके असलेला धनी आयता मिळतो. त्यामुळे शासन सुटते.

वास्तविक बिबट्याला घरापासून आणि गोठ्यापासून दूर कसे ठेवावे, हे काही गूढ राहिलेले नाही. बिबट्या लहान भक्ष्य शोधतो, सोपे भक्ष्य शोधतो, आणि दबा धरावयाला आडोसा शोधतो. कचऱ्याचा ढीग साचला की भटकी कुत्री आणि डुकरे जमतात, आणि ती जमली की त्यांच्या मागावर बिबट्या येतो. बकऱ्याचे आणि कोंबडीचे कातडे-आतडे उघड्यावर फेकले की त्या वासाने तो वस्तीची वाट धरतो. शेळ्या काटेरी फांद्यांच्या कुंपणात, वर छप्पर नसलेल्या वाड्यात बांधल्या की तो आत उडी घालतो. परसाकडे अंधारात बसलेले मूल, किंवा भांगलणीला बसलेली बाई, त्याच्या दृष्टीला दोन पायांचे माणूस म्हणून दिसत नाही; जमिनीलगतचे एक लहान जनावर म्हणून दिसते. उभ्या, बोलत चालणाऱ्या, मोठ्या माणसाला तो सहसा टाळतो. तेव्हा इलाज उघड आहे. कचरा उचलणे, दारापर्यंत दिवा, घरालगत शौचालय, गोठ्याला जाळी आणि छप्पर, घराभोवतीचे रान वीस-पंचवीस पावले साफ, मुलांना सांजवेळी एकटे न सोडणे, आणि बिबट्या दिसलाच तर त्याला घेरून दगडफेक न करता निसटावयाला वाट मोकळी ठेवणे. यांतील कोणत्या गोष्टीला दुर्मिळ विद्या लागते? एकालाही नाही. लागतो तो पैसा आणि लागते ती इच्छा. आणि या दोन्ही वस्तू पाड्याच्या, वाडीच्या आणि कोपीच्या वाट्याला येत नाहीत, हे या प्रश्नाचे खरे मूळ आहे.

परंतु पिंजऱ्याचा मोह मोठा असतो. पिंजरा दिसतो, त्याचे छायाचित्र निघते, आमदार त्याच्याशेजारी उभे राहू शकतात. शौचालयाशेजारी उभे राहण्याची हौस कोणाला असणार? पिंजऱ्याची कसोटी मात्र जुन्नर तालुक्यात पंचवीस वर्षांपूर्वीच लागून गेलेली आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतील कित्येक आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व व्यवहाराचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते असे: बिबटे हलवण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले, आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. याचे कारण समजावयाला अवघड नाही. पकडलेले जनावर आपल्या ओळखीच्या शिवारातून उखडले जाते, परक्या मुलखात सोडले जाते, ते घाबरलेले असते, माणसाच्या हातून त्याने मार खाल्लेला असतो, आणि ते परत आपल्या ठिकाणाकडे निघते. वाटेत गावे असतात. इकडे त्याची मोकळी झालेली जागा नवा, तरुण, अननुभवी बिबट्या घेतो. म्हणजे एकाच्या जागी दोन संकटे उभी राहतात. केंद्र शासनाने २०११ मध्येच या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा स्थलांतराविरुद्ध बजावले. त्या सूचना कागदावर राहिल्या आणि प्रत्येक मृत्यूनंतर पिंजरा मात्र गावात येत राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. माणसावर वारंवार हल्ला करणारा नेमका बिबट्या ओळखता आला, तर त्याला पकडणे किंवा प्रसंगी मारणे यात गैर काही नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही त्यासाठी वाट आहे. पिंपरखेडच्या आईबापांना कोणी सहजीवनावर प्रवचन देऊ नये. वाद आहे तो या कृतीलाच धोरण समजण्याशी. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र भरून वाहू लागले तेव्हा तेथील काही बिबटे गुजरातेत जामनगरला, एका बलाढ्य उद्योगसमूहाच्या प्राणिकेंद्रात पाठवण्यात आले. शासनाने आपल्या जबाबदारीचे खाजगीकरण करावयाचे आणि ते भूतदया म्हणून मिरवावयाचे, हा प्रकार या निमित्ताने वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचला एवढेच. त्याने जुन्नरच्या उसातला एकही अंधार कमी झाला नाही.

हा ऊस आला कोठून, तेही पाहिले पाहिजे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणे झाली, कालवे आले, आणि ज्या जुन्नर–आंबेगावात बाजरी आणि हुलगा पिकत असे तेथे बारमाही ऊस उभा राहिला. कारखाने निघाले. पाण्याने शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्षभर, दीड वर्ष उभे राहणारे, पुरुषभर उंचीहून दाट पीक हे बिबट्याच्या मादीला पिलांसाठी रानाहूनही सुरक्षित ठिकाण आहे. पाणी जवळ, आडोसा दाट, आणि कुत्री, शेळ्या, वासरे हाताशी. अकोले तालुक्यातील अशाच पाणथळ, शेतीच्या खोऱ्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सत्याऐंशी टक्के वाटा माणसाने पाळलेल्या किंवा माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सर्वाधिक म्हणजे एकोणचाळीस टक्के वाटा कुत्र्यांचा होता. मोठे रानटी भक्ष्य तेथे जवळजवळ नव्हतेच. २०२२ च्या गणनेवर आधारलेला जो राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आहे. पण ती मोजणी मुख्यतः जंगलांतली, उसातल्या बिबट्यांची नव्हे. ज्या जनावरापासून शेतमजुराला भय आहे, नेमके तेच शासनाच्या मोजणीबाहेर राहते. शेतमजूर स्वतः तरी कोणत्या मोजणीत नीट येतो?

‘बिबट्या गावात शिरला’ ही भाषाच मुळात फसवी आहे. कोणी कोणाच्या घरात शिरलेले नाही. दोघेही त्याच उसाच्या अर्थव्यवस्थेत राहतात. फरक असा की, ऊस उभा असताना साखरेचा नफा एकीकडे जातो आणि उसातले भय दुसरीकडे. हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांची वस्ती शिवारातच, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्यांची. दार नाही, दिवा नाही, शौचालय नाही. पहाटे काळोखात नवराबायकोची जोडी कोयता घेऊन फडात शिरते आणि तान्हे मूल बांधावर, झोळीत किंवा थोरल्या भावंडाच्या हवाली असते. ते थोरले भावंड म्हणजे सहा-सात वर्षांचे. त्याच फडात बिबट्याची पिले सापडतात. मग दोन दिवस वृत्तपत्रे त्या पिलांची आणि मादीची भेट कशी घडवून आणली याची हृद्य वर्णने छापतात. वन कर्मचारी ते काम खरोखरच कष्टाने करतात, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण पिले आईला परत मिळाली याचा आनंद होणाऱ्या वाचकाला फडाच्या दुसऱ्या बांधावरचे मूल दिसत नाही. ज्याच्या मालकीचा ऊस त्याचे घर पक्के आहे, त्याच्या दाराशी दिवा आहे. मधल्या रात्री जनावराच्या आणि कोपीच्या मध्ये उभे असते ते फक्त एक चवाळे.

आणि विजेचे काय? शेतीपंपांना तीन फेजची वीज आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास देण्याची पद्धत महावितरणने वर्षानुवर्षे चालवली. कारखान्यांची आणि शहरांची दिवसाची मागणी भागावी म्हणून शेतकऱ्याने रात्री दोन वाजता हातात विजेरी घेऊन उसाला पाणी द्यावयास जावयाचे. बिबट्या रात्रीचा हिंडणारा प्राणी आहे हे जितके खरे, तितकेच शेतकरी हा रात्रीचा हिंडणारा प्राणी नाही हेही खरे. त्याला तसे या विजेच्या पाळीने बनवले. दिवसा वीज देण्याची घोषणा पुनःपुन्हा झाली; २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याच्या नावाने ती नव्याने झाली. बिबट्यांच्या गावांत तरी ती सर्वांत आधी पुरी करावी, हे शहाणपण कोणा अधिकाऱ्याला सुचू नये याचे नवल वाटते. विजेच्या वेळापत्रकात एक बदल केला असता जेवढे जीव वाचतील, तेवढे शंभर पिंजऱ्यांनी वाचणार नाहीत. आणि या उपायाला नेमबाजही लागत नाही.

आता मुंबईकडे वळू. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या झोपडपट्ट्या हेच बिबट्याच्या हल्ल्यांचे कारण, असे १९९० नंतरच्या काळात सुशिक्षित मुंबईला पटवून देण्यात आले होते. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. कित्येक कुटुंबांचे संसार भर पावसाळ्यापूर्वी उघड्यावर आले. त्या न्यायाने हल्ले थांबावयास हवे होते. प्रत्यक्षात हल्ल्यांची सर्वांत भयंकर वर्षे नंतर आली, २००२ ते २००४. त्यातही जून २००४ हा महिना मुंबईच्या उपनगरांना विसरता येणार नाही. झोपडी गेली, कचरा राहिला. कचरा केवळ झोपडीचा नव्हताच. उद्यानाच्या भिंतीला खेटून ज्या गृहनिर्माण संस्था आणि मनोरे उभे राहिले, ज्यांच्या जाहिरातीत ‘रानाचे दर्शन’ ही सोय म्हणून विकली गेली, त्यांच्याही मागच्या बाजूला ढीग साचत होते आणि ढिगांवर कुत्री पोसली जात होती.

मग शहाणपण आले. २०११ मध्ये वन खात्याने अभ्यासक, स्वयंसेवक, पोलीस, महापालिका आणि पत्रकार यांना एकत्र आणून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. भर पकडण्यावरून काढून कचरा उचलण्यावर, रहिवाशांशी बोलण्यावर, गर्दी आवरण्यावर आणि बातम्या जबाबदारीने देण्यावर देण्यात आला. त्यानंतरच्या काही वर्षांत, बिबट्यांची संख्या घटली नसताना, प्राणघातक हल्ले जवळजवळ थांबले. ही साधी गोष्ट नव्हे. जगात इतक्या दाट वस्तीच्या शहरात इतके बिबटे क्वचितच राहत असतील. जुन्नरच्या चुकीचा धडा आणि मुंबईच्या यशाचा धडा, दोन्ही एकाच राज्यात, एकाच वन खात्याच्या दप्तरात आहेत. तरीही दर वेळी दप्तर चुकीच्या पानावर उघडते!

पण मुंबईच्या यशालाही एक किनार आहे आणि तेथे ते यश अडखळते. आरे वसाहतीत वारली, मल्हार कोळी आदी आदिवासींचे पाडे १९४९ मध्ये दुग्धवसाहत स्थापन होण्याच्या आधीपासून आहेत. ते वाघोबाला पूजतात आणि बिबट्याशी कसे वागावे हे त्यांना कोणत्याही पुस्तकाहून अधिक कळते. मात्र जमीन दुग्धविकास खात्याची, जनावर वन खात्याचे आणि माणूस महापालिकेचा, अशी त्रिविध वाटणी असल्यामुळे पाड्यावरचा दिवा आणि संडास कोणाचाच नाही. प्रत्येक खाते दुसऱ्याच्या परवानगीकडे बोट दाखवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीच्या पहाटे आरेमधील एका दीड वर्षाच्याही आतील मुलीला बिबट्याने उचलले. त्या वेळी शहरभर रोषणाई होती. २०२५–२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,००० कोटी रुपयांहून मोठा आहे. किनारी रस्त्याला पैसा कमी पडत नाही. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये याच आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडावयाची होती तेव्हा खात्यांची कोणतीही हद्द आडवी आली नाही. एका रात्रीत करवती आल्या, पोलीस आले आणि दिवेसुद्धा आले.

निसर्गप्रेमी मंडळींशीही येथे दोन शब्द बोलणे भाग आहे. त्यांनी बिबट्याची बाजू घेतली, पिंजऱ्याला विरोध केला, तो विज्ञानाला धरून होता आणि त्याचे श्रेय त्यांना आहे. परंतु त्यांच्यातील अनेकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: माणसाने बिबट्याच्या घरात अतिक्रमण केले. हा ‘माणूस’ कोण? मनोऱ्यात राहणारा, येऊरच्या बंगल्यात मध्यरात्रीपर्यंत गाणी लावणारा, की पिढ्यान्‌पिढ्या पाड्यावर राहणारा वारली? ‘माणूस’ या एका शब्दात सगळ्यांना घालून मोकळे झाले की, दोष सर्वांचा होतो आणि बळी मात्र ठरावीक लोकांचेच जातात. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असा अंदाज मांडला होता की, उद्यानातील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, त्यामुळे सुमारे हजार माणसे कुत्र्याच्या चाव्यापासून वाचतात, आणि रेबीजने होऊ शकणारे नव्वदपर्यंत मृत्यू टळतात. या आकड्यांचा फार गौरव झाला. त्यांत तथ्य असेलही. परंतु श्रीमंत महापालिकेने कचरा उचलावयाचा नाही, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण नेटाने करावयाचे नाही, आणि ते काम फुकटात करणारा प्राणी मिळाला म्हणून समाधान मानावयाचे, हा विचार कोठे घेऊन जातो? बिबट्या हा नगरपालिकेचा बिनपगारी सफाई कामगार नव्हे. ज्या पाड्याच्या अंगणात तो हे काम करतो, त्या पाड्याला त्याबद्दल काय मोबदला मिळतो, हे त्या गौरवगीतांत कोठे आले नाही. बिबट्याला वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो. पहिले म्हणणारे पिंजरा आणतात, दुसरे म्हणणारे छायाचित्रक घेऊन येतात. दिवा दोघेही आणत नाहीत.

चळवळीतील काही साथींनाही हा विषय गौण वाटतो. महागाई, बेकारी, जमिनीचे प्रश्न पेटलेले असताना बिबट्यावर सभा घेणे त्यांना शोभिवंत वाटते, आणि जेथे लोक संतापले आहेत तेथे ‘बिबट्या मारा’ ही घोषणा उचलून धरणे सोपे वाटते. गावात दुःख ताजे असताना त्या घोषणेविरुद्ध बोलणे कठीण आहे, हे मान्यच करावयास हवे. पण ती घोषणा मालकवर्गाला किती सोयीची आहे हेही पाहिले पाहिजे. बिबट्या मारला की कारखान्याला काही करावे लागत नाही, महावितरणला काही करावे लागत नाही, जिल्हा परिषदेला शौचालयांचा हिशेब द्यावा लागत नाही. पुढच्या हंगामात दुसरा बिबट्या त्याच फडात असतो आणि दुसरे मूल त्याच बांधावर.

मागण्या ठरवावयाच्या तर त्या नेमक्या असाव्यात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि तशाच इतर तालुक्यांत शेतीपंपांना रात्रीची पाळी बंद करून दिवसाच वीज. ज्या भूमिहीनाची दोन शेळ्यांवर गुजराण आहे त्याला जाळी आणि पत्र्याचा बंदिस्त वाडा शासनाच्या खर्चाने, कारण शेळी ही त्याची बँक आहे आणि ती बुडाली तर नुकसानभरपाईचा कागद महिनोन्‌महिने फिरतो. आरेतील पाड्यांना तिन्ही खात्यांनी मिळून, एकाच आदेशाने, दिवे आणि शौचालये. मटणाच्या आणि कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ भाग रोज उचलण्याची सक्ती, आणि ती मनोऱ्यांच्या कचऱ्यालाही तितकीच लागू.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न यांत सर्वांत तातडीचा आहे आणि त्यासाठी पैसा नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. कामगारांच्या कल्याणाच्या नावाने स्थापन झालेल्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळप होणाऱ्या उसावर टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरलेले आहे. त्या पैशातून कोप्यांच्या तळावर सौरदिवे, पक्के दार असलेले निवारे, फिरती शौचालये आणि पहाटेपासून चालणारे पाळणाघर उभे राहू शकते. टोळी कोठे उतरणार हे मुकादमाला ठाऊक असते, मुकादम कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असतो. तेव्हा तळ कोठे आहेत ते कळत नाही, ही सबब चालावयाची नाही. प्रत्येक कारखान्याला हंगामापूर्वी गाळपाचा परवाना घ्यावा लागतो आणि तो साखर आयुक्तांच्या कचेरीतून मिळतो. तळावर दिवा, दार आणि पाळणाघर असल्याचा दाखला जोडल्याखेरीज तो परवाना देऊ नये. ही कचेरी पुण्यात शिवाजीनगरला, साखर संकुलात आहे. पुढचा मोर्चा वन खात्याच्या पिंजऱ्याकडे नव्हे, तेथे गेला पाहिजे, आणि तो ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी गेला पाहिजे; कारण दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पहिला फड तुटावयास लागतो.